पंगतीतल्या नऊ टाक्या

"कुणी राहिलं का?"

हा प्रश्न काका माशांना विचारायचे. हातात स्टीलचा लहान डाव, कमरेत किंचित वाकलेले, आणि नजर काचेच्या टाक्यांच्या रांगेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. खाद्य घालून झालं की रांगेच्या शेवटी उभे राहायचे, मान वळवून पुन्हा पहिल्या टाकीपर्यंत बघायचे आणि जरा मोठ्यानं विचारायचे. उत्तर येणार नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी क्षणभर थांबायचे, आणि मगच डाव धुवायला न्यायचे.

जुन्या वळणाच्या लग्नात तुम्ही जेवला असाल तर हा माणूस तुम्ही पाहिलेला आहे. पंगत अर्धी जेवून होते, गप्पा रंगात येतात आणि टोकाशी एक जण हातात आमटीचं भांडं घेऊन सगळ्या पानांवरून नजर फिरवत असतो. आपल्याला त्याचा चेहरा नंतर आठवत नाही, पण आपली वाटी रिकामी राहिली नव्हती एवढं आठवतं. आमचे काका असे वाढपी होते. त्यांचे वडील वाढपी, आजोबाही वाढपी. फक्त काकांना सदाशिव पेठेजवळच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्र विभागात नोकरी लागली होती. त्यामुळे दिवसा ते प्रयोगशाळा सांभाळत आणि लग्नसराईत संध्याकाळी कार्यालयांत वाढायला जात. नाव सांगत नाही. "वाढप्याला कुणी नावानं हाक मारत नाही, 'अहो, इकडे' म्हणतात," असं तेच म्हणायचे.

मी तिथे पीएच.डी. करायला आले ती भंडाऱ्याहून. तलावांच्या मुलखात वाढलेली मुलगी पुण्यात मासे शिकायला आली, याचं माझ्या घरच्यांना शेवटपर्यंत कोडं होतं. विश्रांतवाडीला मावशीकडे राहायचे आणि दोन बस बदलून कॉलेजात पोहोचेपर्यंत निम्मी सकाळ संपलेली असायची. माझ्या मार्गदर्शक बाई खास पेठेतल्या. त्यांनी चार वर्षांत माझी एकदाच स्तुती केली. माझ्या पहिल्या अहवालावर "अक्षर बरे आहे" असा शेरा होता, आणि तो अहवाल टाइप केलेला होता.

आमचं काम सांगायला सोपं आणि करायला किचकट होतं. तळ्यात वाढवलेल्या रोहू-कटल्यांना जीवाणूंचा एक रोग होतो. अंगावर लाल चट्टे उठतात, पर झडतात, मासा खाणं सोडतो आणि एके दिवशी सकाळी तळ्यावर पांढरी पोटं तरंगताना दिसतात. त्यावर अँटिबायोटिक्स ओतत राहिलं की जीवाणू निर्ढावतात. म्हणून आम्ही पेरूच्या पानांचा अर्क काढून त्यात चांदीचं द्रावण मिसळायचो. पानातल्या रसानं चांदीचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. तेच नॅनोकण खाद्यावर चढवायचे आणि माशांना घालायचे.

"पिठीसाखरेइतके बारीक?" काकांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"पुष्कळच बारीक. डोळ्यांना दिसतच नाहीत."

"मग झाले हे कळायचं कसं?"

"रंगावरून."

एवढं त्यांना पुरलं. रंगावरून पदार्थ ओळखण्यात त्यांच्या तीन पिढ्या गेल्या होत्या. अर्क आणि द्रावण एकत्र केलं की आधी फिकट पिवळं दिसतं आणि मग ते हळूहळू तपकिरी होत जातं. आमच्याकडे ते मोजायचं महागडं यंत्र होतं, पण ते बरेचदा दुरुस्तीला गेलेलं असायचं. काका बाटली खिडकीशी धरून सांगायचे, "अजून वरणच आहे ताई. आमटी व्हायला तासभर लागेल." आणि थोड्या वेळानं, "आता झाली कटाची आमटी. उतरवा." यंत्र परत आल्यावर मी पडताळून पाहिलं. वरण, आमटी आणि कटाची आमटी या तीन पायऱ्या यंत्रालाही मान्य होत्या. प्रबंधात मात्र तसं लिहिता आलं नाही.

एकदा त्यांनी माझी भांडी मोठ्या प्रेमानं नळाच्या पाण्यानं विसळून ठेवली. नळाच्या पाण्यातले क्षार आणि चांदी यांचं जमत नाही. द्रावण घातल्याबरोबर सगळं पांढरं दुधी झालं. काकांनी बाटली उजेडात धरून निदान केलं, "याचं ताक झालं." बाई मागून जाता जाता म्हणाल्या, "नळाचं पाणी माणसांना चालतं. चांदीला ऊर्ध्वपातित लागतं, ती आपल्यापेक्षा खानदानी आहे."

चांदीच्या त्या द्रावणानं बोटांवर काळे डाग पडतात आणि आठ-दहा दिवस जात नाहीत. हातमोजे घाला म्हणून मी काकांच्या मागे लागायचे. ते म्हणायचे, "हातमोजे घालून वाढलेलं मला आवडत नाही." निवडणूक आली तेव्हा त्यांचं डावं तर्जनी बोट पुरतं काळं होतं. केंद्रावरच्या अधिकाऱ्यानं बोट पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "काका, तुमचं एकदा झालंय." काका वाद न घालता तडक बाईंच्या घरी गेले. बाईंनी कॉलेजच्या कागदावर चिठ्ठी लिहून दिली: "यांच्या बोटावरचा डाग लोकशाहीचा नसून प्रयोगशाळेचा आहे." चिठ्ठीनं काम झालं की यादीत नावापुढची रिकामी जागा पाहून झालं, कुणास ठाऊक. पण काकांनी ती चिठ्ठी पाकिटात जपून ठेवली होती.

काकांना एका गोष्टीचा मनापासून राग होता, तो म्हणजे पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत एकाला तुपाची धार आणि शेजारच्याला नुसता वास, हे त्यांच्या लेखी चोरीहून वाईट. विभागात कुणी लाडू आणला तर माणसं मोजून तितके तुकडे व्हायचे, रजेवर असलेल्याचासुद्धा. बाई मधुमेहामुळे गोड खात नसत, तरी त्यांचा तुकडा बशीत घालून त्यांच्या टेबलावर जायचा आणि तासाभरानं तसाच परत यायचा. "खाणं न खाणं त्यांच्याकडे," काका म्हणायचे. "पान चुकता कामा नये."

अशा माणसाच्या हाती मी माझा शेवटचा प्रयोग सोपवला. आता यावर तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे.

प्रयोग असा होता. आठ टाक्या. मांजरी गावच्या एका शेतकऱ्यानं उसाच्या खारावलेल्या जमिनीत तळं खणलं होतं, त्याच्याकडून रोहूची बोटभर पिलं आणली होती. आदल्या हंगामात त्याचं निम्मं तळं याच रोगानं गेलं होतं, म्हणून मासे द्यायला तो उत्सुक होता. सगळ्या माशांना आधी रोगाची लागण करायची. मग चार टाक्यांना औषध चढवलेलं खाद्य, चार टाक्यांना साधं. चौदा दिवसांनी कुठे किती जगले ते मोजायचं. लाल झाकणाच्या डब्यात औषधाचं खाद्य, पांढऱ्या झाकणाच्या डब्यात साधं. प्रबंधाची वाढवून घेतलेली मुदत मार्चमध्ये संपत होती आणि आणखी मुदत मिळणार नव्हती. हा प्रयोग उभा राहिला तर प्रबंध, नाहीतर चार वर्षं पाण्यात. माझ्या बाबतीत ते शब्दशः खरं ठरलं असतं.

मी काकांना दोनदा समजावलं. त्यांनी डाव हातात धरून सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे आधी आपणच आजारी पाडायचं."

"हो."

"मग औषध द्यायचं. आणि तेही अर्ध्यांनाच."

"तुलना करायला लागतं काका. सगळ्यांना दिलं तर औषधानं गुण आला हे कळणार कसं?"

"बरे झाले की कळलंच की."

मी तिसऱ्यांदा समजावलं. त्यांनी मान डोलावली. मान डोलावणं म्हणजे होकार, असं मी भंडाऱ्याहून शिकून आले होते. पुण्यात त्याचा अर्थ "तुमचं बोलून झालं का" असाही होतो, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

पहाटेची बस मिळत नसे, म्हणून सकाळचं आणि संध्याकाळचं खाद्य काका घालायचे. मी दुपारी नोंदी घ्यायचे. तिसऱ्या दिवशी सगळ्या टाक्यांत चट्टे दिसले. सातव्या दिवसापासून ते ओसरू लागले, आणि आठही टाक्यांत ओसरू लागले. चौदाव्या दिवशी सगळे मासे ठणठणीत होते. औषध न घेतलेल्या चारही टाक्यांतले मासे काचेवर तोंड आपटत माझ्याकडे खाद्य मागत होते.

बाईंनी तक्ता वाचला, चष्मा काढला. "अभिनंदन," त्या म्हणाल्या. "न घेणाऱ्यालाही लागू पडतं असं औषध आजवर कुणी काढलं नव्हतं."

जीवाणू दुबळे निघाले असतील म्हणून मी ते तपासले. ते चांगले तगडे होते. पाणी तपासलं, डबे तपासले. दोन्ही डबे अगदी हिशेबाप्रमाणे रिकामे झाले होते. आठवडाभर मी जेवले कमी आणि तक्ते पाहिले जास्त. एका दुपारी टाक्यांसमोर स्टुलावर बसले आणि रडू आवरेना.

काका पाण्याचा पेला घेऊन आले. खरोखर गोंधळलेले होते.

"ताई, सगळे वाचले आणि तुम्ही रडताय?"

"सगळे वाचले म्हणूनच रडतेय."

"एकही दगावला नाही," ते मला धीर देत म्हणाले. "मी रोज दोन्ही डब्यांतलं एकत्र कालवून आठांना सारखं घातलंय. पंक्तिप्रपंच नाही केला."

मी काय बोलले ते आज लिहायची लाज वाटते, पण लिहिते. मी म्हणाले, "तुम्हाला प्रयोगशाळेत घेतलं हीच चूक झाली. तुम्ही वाढपी आहात, वाढपीच राहणार." काकांनी पेला स्टुलाच्या कडेला ठेवला. "ते खरं आहे," ते म्हणाले आणि बाहेर गेले.

ते थेट बाईंच्या खोलीत गेले आणि सगळं स्वतःहून सांगितलं. मला बाईंनी नंतर बोलावलं. निवृत्तीला वर्ष राहिलेला माणूस टेबलापुढे हात बांधून उभा होता. मला वाटलं, आता मेमो निघणार. बाई बराच वेळ पेन्सिलीनं काहीतरी आकडेमोड करत होत्या.

"म्हणजे आठही टाक्यांना अर्धी मात्रा गेली," त्या शेवटी म्हणाल्या. "आणि सगळे जगले."

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. मी अधीरपणे म्हणाले, "मग बाई, अर्ध्या मात्रेतच गुण येतो असं लिहायचं?"

"अजिबात नाही. हा निष्कर्ष नाही, ही अफवा आहे. पण अफवा तपासता येते." मग काकांकडे वळून म्हणाल्या, "काका, या चार टाक्यांवर दया दाखवून तुम्ही मोठी पंगत उपाशी ठेवत होतात. उद्या हे औषध बाहेर तळ्यातळ्यांत जाईल. ते बिनकामाचं असलं आणि आपल्याला इथे कळलंच नाही, तर तिथे किती पानं रिकामी राहतील?"

काकांनी बांधलेले हात सोडले.

"पुन्हा करायचं. एक टाकी वाढवू, नऊ करू. तीन टाक्यांना पूर्ण मात्रा, तिनांना अर्धी, तिनांना काही नाही. आणि वाढायचं तुम्हीच."

"मीच?" काका म्हणाले. मीसुद्धा जवळजवळ तेच म्हणाले.

"ज्यानं पंगत मोडली त्यानंच ती नीट वाढायची," बाई म्हणाल्या. "यादीप्रमाणे."

दाराशी आल्यावर काका हळूच मला म्हणाले, "चाराच्या तीन झाल्या. एक पान वाचलं." मला माफी मागायची होती. मी म्हणाले, "जुनी टाकी माळ्यावर आहे, गळतेय का बघावी लागेल." माफी अशीच राहून गेली.

माळ्यावरची टाकी उतरवून ती रांगेत नववी लावली. मांजरीहून पुन्हा पिलं आली. पोहोचवायला तो शेतकरी स्वतः आला, त्यानं टाक्या पाहिल्या आणि काकांना विचारलं, "ह्या शेवटल्या तिनांस्नी काय न्हाई का मग?"

"नाही," काका म्हणाले. "ठरलंय तसं."

या वेळी मी मावशीकडचा मुक्काम हलवून कॉलेजजवळ मैत्रिणीच्या खोलीवर आले होते. काकांवर पहारा ठेवायलाच, खोटं कशाला बोलू? सकाळी सहाला दाराआडून बघायचे. काका तिन्ही डबे वेगळे ठेवून, वहीत पाहून, एकेक टाकी नेमकी वाढत होते. सातवी, आठवी, नववी आली की साधं खाद्य घालायचे आणि मान खाली घालून परत फिरायचे. पहिल्या दिवशी लक्षात आलं नाही, दुसऱ्या दिवशी आलं: रांगेच्या टोकाला उभं राहून ते काही विचारत नव्हते.

आणखी एक गोष्ट. आठ वाजता विभागात चहा व्हायचा आणि काकांचा स्टीलचा पेला पहिला भरायचा. त्या दिवसांत तो पेला फळीवर पालथा असे. चहा नको, खाऊ नको. माझ्यावरचा राग अजून गेला नाही असं मला वाटलं. एकदा मी स्वतः पेला भरून नेला. "ठेवा ताई, नंतर घेतो," ते म्हणाले. संध्याकाळी तो तसाच होता, वर साय धरलेली.

शेवटच्या तीन टाक्यांत आठव्या दिवसापासून मासे मरू लागले. काका जाळीनं एकेक बाहेर काढायचे, मोजून माझ्यापुढे ठेवायचे. आकडा सांगताना आवाज अगदी साधा असायचा. पहिल्या सहा टाक्यांतले जवळपास सगळे मासे सुधारत होते, पूर्ण मात्रेचे आणि अर्ध्या मात्रेचे सारखेच. माझा प्रबंध माझ्या डोळ्यांसमोर तरत होता. मला आनंद होत होता आणि त्या आनंदाची मला शरमही वाटत होती. ही शरम मला आधीच्या चार वर्षांत कधी वाटली नव्हती. ती काकांकडून आली.

चौदाव्या दिवशी सकाळी बाई, मी आणि काका टाक्यांपुढे उभे होतो. मी शेवटचे आकडे वहीत लिहिले, बाईंनी खाली सही केली. शेवटच्या तिन्ही टाक्यांत मिळून पाचच मासे उरले होते, तेही कडेला निपचित.

काकांनी विचारलं, "आता देऊ का?"

बाईंनी वही मिटली. "आता द्या."

त्यांनी लाल डबा उघडला. सातवी, आठवी, नववी. डाव इतका हळू चालत होता की खाद्य पाण्यावर पडल्याचा आवाजही आला नाही. मग ते रांगेच्या टोकाला गेले, वळून पहिल्या टाकीपर्यंत पाहिलं आणि चौदा दिवसांनी पहिल्यांदा विचारलं, "कुणी राहिलं का?"

कुणी राहिलं नव्हतं. काका फळीकडे गेले, पेला सुलटा केला आणि म्हणाले, "ताई, आता चहा द्या."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "म्हणजे तुम्ही इतके दिवस..."

"पंगत व्हायच्या आधी वाढपी कसा घेईल?" ते म्हणाले. त्यांना यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं. त्या चहाच्या वेळी मी माफी मागितली. काका म्हणाले, "कशाबद्दल? वाढपी म्हणालात ते? अहो, ते तर मी पाटीवर लिहून लावीन."

त्या पाचांपैकी दोन मासे तगले. लागण झालेले मासे तळ्यात परत सोडायचे नाहीत असा बाईंचा दंडक होता, म्हणून ते विभागाच्या खिडकीतल्या टाकीत राहिले. माझा प्रबंध मार्चमध्ये गेला. त्यात आभारांच्या पानावर काकांचं नाव आहे, आणि प्रयोगाच्या पद्धतीत शेवटी एक ओळ आहे: नोंदी पूर्ण झाल्यावर औषध न मिळालेल्या टाक्यांनाही औषध द्यावे. परीक्षकांनी तोंडी परीक्षेत या ओळीचं शास्त्रीय कारण विचारलं. मी बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. मी म्हणाले, "कारण शास्त्रीय नाही, पण ओळ राहू द्यावी." आता मी दुसऱ्या कॉलेजात शिकवते, आणि माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांच्या प्रयोगांत ती ओळ असते.

निवृत्तीनंतर काका दर रविवारी बस पकडून मांजरीला त्या शेतकऱ्याच्या तळ्यावर जायचे. काम काही नाही, नुसतं खाद्य घालायला. "त्ये काठावं आलं की समदे मासे हिकडं येत्यात," शेतकरी मला फोनवर सांगायचा, "आमी आलो तर ढुंकून बगत न्हाईत." माझ्या लग्नात काका सत्तरीकडे झुकलेले होते, तरी आमटीचं भांडं दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नाही. वाढपी ओळखीचा असला की शेवटच्या पंगतीत बसलं तरी चालतं, असं म्हणतात. काकांमुळे मला कुठल्याही कार्यालयात शेवटच्या पंगतीत बसायची सवय लागली होती.

गेल्या वर्षी ते गेले, फार त्रास न होता. तेराव्याला त्यांच्या मुलीनं एका कार्यालयात जेवण ठेवलं होतं. बाई आल्या होत्या, पहिल्या पंगतीत जेवून न बोलता निघून गेल्या. मी सवयीनं शेवटच्या पंगतीत, अगदी शेवटच्या पानावर बसले. शेजारी मांजरीचा शेतकरी होता. वाढणारे केटररचे होते, सारखे गणवेश, डोक्यावर टोप्या, कामाला चपळ. भात आला, वरण आलं, भाजी आली. आमटीचं भांडं माझ्या शेजारच्या पानापर्यंत आलं, संपलं आणि मागे फिरलं.

शेतकऱ्याच्या ते ध्यानात आलं. तो हाक मारणार तेवढ्यात मी त्याचा हात धरला. "राहू द्या," म्हटलं. मी पंगतीच्या टोकाकडे पाहत होते. तिथे पाण्याचं पिंप होतं आणि भिंत होती.

माझी वाटी रिकामी होती, आणि पंगत उठेपर्यंत कुणी विचारलं नाही.